शेंगदाण्याचा कोट



या व्याख्यानमालेत आजवर राजघराण्यांचा इतिहास झाला, कवींचा झाला, देवळांचा आणि नाटक मंडळ्यांचाही झाला. आज मी पेंडीचा इतिहास सांगणार आहे. घाण्यातून तेल निघाल्यावर मागे राहते ती पेंड. वडोदऱ्याकडे तिला खोळ म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे खली, बेळगावच्या आपल्या कानडी शेजाऱ्यांकडे हिंडी. नाव कोणतेही असो, तिची जागा गोठ्यात ठरलेली. तरी विसाव्या शतकात तीस-चाळीस वर्षे अशी गेली, की विद्यापीठांतले आणि संशोधनसंस्थांतले शहाणे लोक या पेंडीच्या मागे लागले होते. इंग्लंडात तिचा कोट शिवला गेला. आपल्या म्हैसुरात तिचे दूध झाले. कोट टिकला नाही, दूधही फार दिवस चालले नाही. परंतु ज्या कल्पनेतून कोट निघाला, ती कल्पना फिरत फिरत माळव्यातल्या स्वयंपाकघरात येऊन बसली आहे. ती कशी आली, एवढाच आजचा विषय.

आधी शेंगदाण्याची ओळख. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांच्या काळात तो जगभर गेला आणि आपल्याकडे असा रुजला, की तो परका आहे हे सांगितल्यावर घरातली वडीलधारी माणसे रागावतात. उपासाचे ताट डोळ्यांपुढे आणा. शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची, आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, ही सारी मंडळी अमेरिकेतून आलेली. जुन्या शास्त्रकारांना यांची नावेच ठाऊक नव्हती, म्हणून बहुधा निषेधाच्या यादीत ती बसली नाहीत आणि एकादशीला मोकळी राहिली. आपण जिथे जिथे राहिलो तिथले नाव आपण उचलले: वडोदऱ्यात शिंग, माळव्यात मूँगफली, हैदराबादेत पल्ली, बेळगावात शेंगा. दाणा तोच. त्यात साधारण निम्मे तेल आणि सुमारे पाव हिस्सा प्रथिन. तेल काढून घेतले की हिशेब उलटतो आणि पेंडीत जवळजवळ निम्मे प्रथिनच उरते. गेल्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यातला भुईमूग जहाजे भरभरून फ्रान्सात मार्सेलिसच्या तेलगिरण्यांना जाई. युरोपला तेल हवे होते, साबणाला आणि पुढे मार्गारिनला. पेंडीवर तिकडचीही गुरेच पोसली जात.

आता लीड्सला जाऊ. यॉर्कशायरमधले हे शहर म्हणजे लोकरीचे माहेर. तिथल्या विद्यापीठात १९२८ साली विल्यम ॲस्टबरी नावाचा तिशीतला तरुण वस्त्रभौतिकीचा अध्यापक म्हणून आला. त्याचे वडील इंग्लंडच्या कुंभारवाड्यात, स्टोक-ऑन-ट्रेंटला, मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला. पोरगा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला, पहिल्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात क्ष-किरणांच्या कामावर राहिला, आणि मग लंडनला विल्यम हेन्री ब्रॅग यांच्या हाताखाली स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी कशी वाचायची ते शिकला. स्फटिक म्हणजे मिठाचा खडा, हिरा, असले नीटनेटके पदार्थ. लीड्सच्या गिरणीवाल्यांना मिठाच्या खड्याशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना लोकर समजून हवी होती. लोकर ताणते का, आटते का, वाफेने मऊ का होते? शंका शुद्ध धंद्याच्या होत्या. ॲस्टबरीसारख्या माणसाला ही बदली शिक्षा वाटू शकली असती. त्याला ती पर्वणी वाटली.

लोकर, केस, नख, शिंग, रेशीम हे सगळे प्रथिनाचे प्रकार. (आपल्याकडे सोवळ्याला धाबळी चालते, मुकटा चालतो, सुती धोतर मात्र धुऊन, कोणाचा हात न लागता वाळावे लागते. प्राणिज प्रथिन सोवळे आणि वनस्पतीचा तंतू ओवळा, असा हा रसायनशास्त्रीय निवाडा आपल्या आज्यांनी कधीच देऊन ठेवला होता. शेंगदाण्याच्या धाबळीचे त्यांनी काय केले असते, हा प्रश्न मी श्रोत्यांवर सोडतो.) प्रथिनाचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. ॲस्टबरीने लोकरीच्या तंतूवर क्ष-किरण सोडून छायाचित्रे घेतली, मग तोच तंतू वाफेत ओढून ताणला आणि पुन्हा छायाचित्रे घेतली. दोन्ही चित्रे वेगळी आली. तंतू सोडून दिला की तो परत आखडे आणि चित्रही पहिल्यासारखे होई. यावरून त्याने ताडले, की लोकरीतली साखळी घडी घालून ठेवलेली असते; ओढली की घडी मोडते, सोडली की पुन्हा बसते. त्याने कल्पिलेली घडीची नेमकी आकृती पुढे चुकीची ठरली आणि खरी आकृती अमेरिकेत लायनस पॉलिंगने १९५१ साली मांडली. पण घडी असते आणि ती मोडता येते, हे म्हणणे खरेच होते, आणि आजच्या विषयाला तेवढे पुरेसे आहे.

लोकरीत साखळी निदान तंतूच्या दिशेने तरी असते. बियांतल्या प्रथिनाचे तसे नाही. तिथे साखळीचा गोळा झालेला असतो. स्वेटर उसवल्यावर लोकरीचा गुंडा करून टोपलीत टाकतात तसा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ॲल्बर्ट चिबनल हे वनस्पतींतल्या प्रथिनांचे जाणकार होते. केनेथ बेली त्यांच्याकडे काम करी. त्यांनी बियांपासून काढलेली शुद्ध प्रथिने लीड्सला पाठवली. त्यांत एक एडेस्टिन, भांगेच्या जातीच्या बियांतले. ॲस्टबरी आणि त्याची सहकारी सिल्व्हिया डिकिन्सन यांनी ती तपासली. अंडे उकडले की पातळ पांढरा बलक घट्ट का होतो, हाच प्रश्न इथे दुसऱ्या रूपाने होता. उत्तर असे निघाले, की उष्णतेने किंवा रसायनाने गोळा सुटतो, साखळ्या मोकळ्या होतात आणि एकमेकींत अडकतात. आता प्रश्न एवढाच: साखळ्या मोकळ्या झाल्याच आहेत, तर त्या वेड्यावाकड्या अडकण्याआधी एका दिशेने ओढून घेता येतील का? म्हणजे गुंड्याचा पुन्हा धागा होईल का?

झाला. बियांचे प्रथिन युरियाच्या द्रावणात विरघळवायचे, पाकासारखे दाट होऊ द्यायचे आणि बारीक छिद्रांतून दाबून मिठाच्या पाण्यात सोडायचे. शेवेच्या सोऱ्यातून पीठ कढईत पडते ती कृती डोळ्यांपुढे आणा. छिद्रे केसासारखी आणि कढईऐवजी मिठाचे पाणी, एवढाच फरक. धागा बाहेर पडला की तो ओढून ताणायचा, म्हणजे साखळ्या एका रांगेत येतात. १९३५ साली ॲस्टबरी, चिबनल आणि बेली या तिघांनी या कृतीचे पेटंट घेतले आणि इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या बलाढ्य कंपनीने ती उचलली. भांगेच्या बिया कारखान्यापुरत्या कुठून आणणार? शेंगदाणा मात्र साम्राज्यात मुबलक होता, आणि तेल काढल्यावर त्याची पेंड स्वस्त होती. स्कॉटलंडमध्ये आर्डीर येथे कंपनीचा स्फोटकांचा जुना कारखाना होता. तिथल्या रसायनज्ञांनी शेंगदाण्यापासून धागा काढला आणि गावावरून त्याचे नाव ठेवले आर्डिल.

कृती सांगायला सोपी, करायला कटकटीची. घाण्यात किंवा गरम दाबात तेल काढले की पेंडीतले प्रथिन भाजून निघते आणि मग ते नीट विरघळत नाही. म्हणून तेल द्रावकाने, उष्णता न देता काढावे लागे. दाण्याची तांबूस साल आधी उतरवावी लागे, नाहीतर धाग्याला रंग येई. तयार धागा पाण्यात पुन्हा सुटू नये म्हणून त्याला फॉर्माल्डिहाइड पाजावे लागे. एवढे सोपस्कार झाले की हाती येई तो फिकट साईच्या रंगाचा, मऊ, उबदार, बराचसा लोकरीसारखा तंतू. लोकरीसारखा तो आटत नसे आणि कसर त्याला खात नसे. लोकरीत मिसळला तर कापड स्वस्त पडे. दोष एकच, पण मोठा. भिजला की तो दुबळा पडे. लोकरही ओली झाली की थोडी कमजोर होते, पण आर्डिलची कमजोरी निराळीच होती. ज्या देशात वर्षातून निम्मे दिवस पाऊस, त्या देशात हे कापड विकायचे होते.

कंपनीने ॲस्टबरीला आर्डिलचा एक ओव्हरकोट शिवून दिला. इंग्रजीत टरफलासकट शेंगेला माकडाचा दाणा म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे तो माकडदाण्यांचा कोट म्हणून प्रसिद्ध झाला. ॲस्टबरी उत्साही, बोलका आणि संगीताचा वेडा माणूस. हा कोट अंगात घालून तो व्याख्यानांना जाई आणि अभिमानाने दाखवी. आपल्याला ही हौस वाटेल. पण बियांतला गोळा सोडवून धागा करता येतो, हा त्याच्या सिद्धांताचा पुरावा त्याच्या अंगावर होता. असा पुरावा फार थोड्या शास्त्रज्ञांच्या नशिबी येतो.

त्या काळात हे वेड एकट्या इंग्लंडला लागले नव्हते. इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केल्यावर राष्ट्रसंघाने तिच्यावर व्यापारबंदी घातली. लोकर मिळेना, तेव्हा अँतोनिओ फेर्रेत्ती याने दुधातल्या केसीनपासून धागा काढला आणि लानिताल नावाने तो बाजारात आला. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या पदरी रॉबर्ट बॉयर नावाचा तरुण सोयाबीनपासून धागा काढत होता. फोर्डसाहेब त्या धाग्याचा सूट घालून मिरवले. बॉयरचे नाव ध्यानात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. या साऱ्या प्रयत्नांमागे लढाईची धास्ती होती. आपल्या शेतात पिकते त्यातून कापड निघाले, तर शत्रूने बंदर अडवले तरी अंग झाकता येईल, हा हिशेब.

पण जे पिकते त्यावर पोटाचाही हक्क असतो, आणि आर्डिलची गाठ इथे पडली. पेंड स्वस्त होती ती तिला दुसरे गिऱ्हाईक कमी होते तोवर. युद्धानंतर सगळ्या जगात तेल-तुपाचा दुष्काळ पडला. ब्रिटिश सरकारने १९४७ साली पूर्व आफ्रिकेत, टांगानिकात, लाखो एकरांवर भुईमूग लावण्याची प्रचंड योजना हाती घेतली. ती मार्गारिनसाठी होती, आर्डिलसाठी नव्हे. योजनेची फजिती हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. रणगाड्यांचे ट्रॅक्टर केले, गोरखचिंचेच्या झाडांपुढे ते हरले. चिकणमाती उन्हात विटेसारखी भाजली, तीतून शेंगा उपटून निघेनात. पेरायला जेवढे बियाणे आणले, तेवढेही पीक हाती आले नाही. १९५१च्या जानेवारीत योजना गुंडाळली, तेव्हा साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडाली होती. आपल्याकडच्या कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला विचारले असते तर भुईमुगाला भुसभुशीत जमीन लागते हे त्याने फुकटात सांगितले असते. विचारायला कोणी आले नाही.

विलक्षण योगायोग असा, की त्याच १९५१ साली स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीज येथे आर्डिलचा मोठा कारखाना सुरू झाला. सहा वर्षांत, १९५७ साली, तो बंद पडला. नायलॉन आले होते, टेरिलीन आले होते. ते भिजून दुबळे होत नसत आणि त्यांचा कच्चा माल कोणी खात नसे. माझ्या मते दुसरे कारण पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. खनिज तेलापासून निघणाऱ्या धाग्याला गाय स्पर्धक नसते.

लीड्सच्या प्रयोगशाळेची गोष्ट इथे फार लांबवत नाही, कारण ती पेंडीपासून दूर जाते. पण सांगितल्यावाचून राहवतही नाही. फ्लोरेन्स बेल या ॲस्टबरीच्या विद्यार्थिनीने १९३८ साली डीएनएची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. लोकरीवर आणि बियांवर तयार झालेला हात तिने आनुवंशिकतेच्या द्रव्यावर चालवला. त्या साखळीतले घटक नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले असावेत, एवढे गुरुशिष्यांनी ओळखले. युद्धानंतर ॲस्टबरीने जीवरेणूंचा मोठा विभाग काढण्यासाठी सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाकडे पैसे मागितले. ते त्याला मिळाले नाहीत. लंडनच्या किंग्ज कॉलेजला मिळाले. १९५१ साली लीड्सच्याच एल्विन बायटनने डीएनएचे एक छायाचित्र घेतले. पुढच्या वर्षी किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉस्लिंग यांनी घेतलेल्या आणि जगप्रसिद्ध झालेल्या छायाचित्राशी त्याचे विलक्षण साम्य आहे. ॲस्टबरीच्या ते हाती होते, त्याने पुढे पाठपुरावा केला नाही. तो १९६१ साली वारला.

आता आपल्याकडे या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. सुब्रह्मण्यन् हे जीवरसायनाचे अध्यापक युद्धकाळापासून एका निराळ्याच प्रश्नावर झुरत होते. १९४३चा बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. जिथे दूध मिळत नाही तिथल्या मुलाला काय पाजायचे? १९५० साली म्हैसूरच्या चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली आणि सुब्रह्मण्यन् तिचे पहिले संचालक झाले. संस्थानिकांच्या महालात पेंडीवर प्रयोग सुरू झाले, हे मला त्या दशकाचे चांगले चित्र वाटते. इंग्लंडात ज्या पेंडीकडे धागा म्हणून पाहिले, तिच्याकडे इथे घास म्हणून पाहिले गेले. दाणे निवडून, साल काढून, स्वच्छ रीतीने तेल काढून उरलेल्या पेंडीचे पीठ केले. या पिठाचे तीन भाग आणि भाजक्या हरभऱ्याच्या पिठाचा एक भाग, त्यात चुना व जीवनसत्त्वे, असे ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार झाले. भाकरीत घाला, आमटीत घाला, लाडू करा. मूळ कल्पना कॅलिफोर्नियातली होती; तिथल्या विद्यापीठातले हेन्री बोरसूक यांनी सोयाबीनवर तसले अन्न केले होते. म्हैसूरकरांनी ते आपल्या दाण्यावर आणि आपल्या हरभऱ्यावर बसवले. पुढे शेंगदाण्याचे प्रथिन म्हशीच्या दुधात मिसळून ‘मिल्टोन’ काढले. दूध वाढे आणि किंमत उतरे. बंगळूरच्या डेअरीतून ते १९७०च्या आसपास मुलांपर्यंत गेले.

मग ते घरोघर का दिसत नाही? पहिले कारण चवीचे आणि मानाचे आहे. पेंड हा शब्दच गोठ्यातला. गरिबाला गरिबांसाठी म्हणून काढलेले अन्न नको असते. त्याला शेजारचा खातो ते हवे असते. प्रयोगशाळेत प्रथिन मोजले जाते, पंगतीत मान मोजला जातो. हे संशोधकांना कळत नव्हते असे नाही, पण त्यावर त्यांच्याकडे उपाय नव्हता.

दुसरे कारण अधिक भयंकर आहे. १९६० साली इंग्लंडात टर्की कोंबड्यांची पिले पटापट मरू लागली. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त मेली. रोगजंतू सापडेना, म्हणून रोगाला नुसते ‘एक्स’ नाव दिले. शेवटी माग लागला तो खाद्याचा: ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंडीवर बुरशी होती आणि त्या बुरशीने केलेले विष यकृत पोखरत होते. बुरशीच्या लॅटिन नावावरून विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. दमट हवेत, नीट न वाळवलेल्या, फुटक्या शेंगेत ही बुरशी सहज वाढते, आणि भाजल्याने तिचे विष पुरते जात नाही. आपल्या घरी कडू, सुरकुतलेला, काळपट दाणा निवडून फेकतात. ती सवय किती शहाणपणाची, हे तेव्हा रसायनशास्त्राला समजले. संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिन सल्लागार गटाने माणसाच्या खाण्यातल्या शेंगदाणा-पिठासाठी अब्जात तीस भागांची मर्यादा घातली. मर्यादा लिहिणे सोपे. बाजारसमितीत पोत्यांच्या थप्पीपुढे उभे राहून ती पाळणे किती अवघड, हे ज्यांच्या घरी अडतीचा धंदा होता त्यांना सांगायला नको. १९७४ साली गुजरातच्या पंचमहालात आणि लगतच्या राजस्थानात बुरशीचा मका खाऊन शंभरावर आदिवासी याच विषाने मेले, तेव्हा धोका कागदी नाही हे सिद्ध झाले. त्याचा छडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने लावला.

याच हैदराबादच्या संस्थेचे संचालक सी. गोपालन यांनी त्याआधीच एक मूलभूत शंका काढली होती. कुपोषित मुलांच्या आहाराचे हिशेब मांडल्यावर त्यांना दिसले, की मुलाला मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. रोजचेच वरण-भात, भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिन त्यातूनच बहुतेक भरून निघते. आपल्या पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांनी आकडेशास्त्राच्या अंगाने तेच सांगितले. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे; रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. प्रथिनांची दरी म्हणून जगभर जो गवगवा चालला होता तो खरा प्रश्न नव्हे, खरा प्रश्न भुकेचा आहे, हे त्यांनी ठासून मांडले. हे पटायला जगाला वेळ लागला, आणि पटले तेव्हा प्रथिनांच्या पिठांमागचा पैसा आटला. सुब्रह्मण्यनांचे काम वाया गेले असे मी म्हणणार नाही. स्वच्छ पेंड, तिच्या चाचण्या, मुलांसाठी पूरक आहाराची सवय हे सारे त्यातूनच आले. पण त्यांनी ज्या प्रश्नाचे उत्तर काढले तो प्रश्न दुसऱ्यांनी मांडून दिलेला होता, आणि तो अर्धाच बरोबर होता.

आता बॉयर. फोर्डच्या कारखान्यातला सोयाबीनचा धागा कापड म्हणून आर्डिलच्याच वाटेने गेला. बॉयर हुशार. त्याच्या ध्यानात आले, की धागा पाण्यात मऊ पडतो हा कापडाचा दोष आहे, पण घासाचा गुण आहे. मांस म्हणजे तरी काय, प्रथिनाचे तंतूच. त्याने धाग्यातली फॉर्माल्डिहाइडची भानगड काढून टाकली, धाग्यांच्या जुड्या बांधल्या, त्यांना चव आणि रंग दिला, आणि १९५४ साली त्याला या बनावट मांसाचे पेटंट मिळाले. अमेरिकेतल्या मांस न खाणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते प्रथम बाजारात आणले. धागा काढून जुड्या बांधणे महाग होते. १९६०च्या दशकात अन्न-अभियंत्यांनी सोपी युक्ती काढली. तेल काढलेले सोयाबीनचे पीठ ओले करायचे आणि मळसूत्राने तापलेल्या नळीतून पुढे रेटायचे. आत दाब आणि उष्णता यांनी प्रथिनाच्या घड्या मोडतात, साखळ्या रेटण्याच्या दिशेने सरळ होतात. तोंडाशी दाब एकदम सुटला की पाण्याची वाफ होऊन पीठ फुलते आणि तंतुमय, सच्छिद्र वडी बाहेर पडते. युरिया नाही, मिठाचे पाणी नाही. पण घडी मोडा, सरळ करा, त्या स्थितीत पक्की करा, ही कृती लीड्सचीच.

सोयाबीन माळव्यात आले तेही याच दशकात. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या दाण्याचे वाण लावून पाहिले. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पडीक राहत असे, कारण शेतकऱ्याचा भर रब्बीच्या गव्हावर. त्या रिकाम्या हंगामात सोयाबीन बसले. बघता बघता इंदूर-उज्जैन-देवासचा मुलूख सोयाबीनचा झाला आणि १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच निघाले. तेलगिरण्या आल्या, पेंड आली. बरीचशी पेंड परदेशी कोंबड्यांच्या खाद्यात गेली. थोडी मळसूत्रातून वडी होऊन निघाली. तिला कोणी पेंड म्हटले नाही. पुडीवर चकचकीत नाव आले, इंदुरात सोयाबडी झाली, हैदराबादेत मीलमेकर. गरिबांसाठी म्हणून ती कोणी विकली नाही, त्यामुळे ती सगळ्यांनी घेतली. आमच्याकडच्या मुंजी-लग्नांच्या पंगतीत मटार-पनीरशेजारी तिची रस्सा भाजी दिसते, आणि ज्या घरात कांदा-लसूणही विचारून घालतात त्या घरातही ती शिजते. श्रावणात ती चालते का, यावर एकमत नाही; दिसायला ती मांसासारखी आहे, असे काही वृद्ध मंडळी अजून म्हणतात.

शेंगदाण्याची पेंड मात्र तिथेच राहिली. सौराष्ट्रात आजही घाण्यांतून आणि गिरण्यांतून ती निघते, बुरशीची चाचणी होते, आणि ती गोठ्यात जाते. मक्याच्या साखरेपासून पेले आणि पिशव्या करण्याचे कारखाने आता उभे राहिले आहेत. उसाच्या चिपाडाच्या पत्रावळी तर आपल्या कार्यालयांतही येऊ लागल्या. यांतले चिपाड कोणी खात नाही. मका खाणारे पुष्कळ आहेत.